‘लहान किंवा समान’ची व्याख्या आधी नीट निवडा

महोदय,

आग्दा किंवा लीन (गणिती सिद्धता संगणकावर लिहून तपासणाऱ्या भाषा) शिकवताना नैसर्गिक संख्यांचा ‘लहान किंवा समान’ हा संबंध पुष्कळदा बूलियन फंक्शनने, म्हणजे फक्त ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ देणाऱ्या फंक्शनने, मांडला जातो. उत्तर बरोबर येतं, पण हाती नुसतं ‘ट्रू’ उरतं. सिद्धतेत ते वापरायचं तर जोडीला वेगळं प्रमेय लागतं. संबंध टाइप म्हणूनच मांडायला हवा, म्हणजे त्या टाइपची प्रत्येक किंमत हा त्या संबंधाचा पुरावा ठरतो.

आग्दाच्या स्टँडर्ड लायब्ररीत या टाइपचे दोन कन्स्ट्रक्टर, म्हणजे पुरावा रचायचे दोनच मार्ग, आहेत: ० ≤ न, आणि म ≤ न असेल तर म+१ ≤ न+१. २ ≤ ५ चा पुरावा म्हणजे दुसरा कन्स्ट्रक्टर दोनदा आणि आत पहिला. ३ ≤ २ सोलत गेलं की १ ≤ ० उरतं, तिथे एकही कन्स्ट्रक्टर बसत नाही. नकार असा आपसूक मिळतो.

लीनमध्ये पाया न ≤ न, आणि पायरी म ≤ न वरून म ≤ न+१. स्ट्राँग इंडक्शनला (जिथे आधीच्या सगळ्याच संख्यांसाठी विधान गृहीत धरतात) ही मांडणी सोयीची. मात्र म+१ ≤ न+१ वरून म ≤ न काढणं, जे आग्दात एका ओळीत होतं, त्याला इथे संक्रामकता (अ ≤ ब आणि ब ≤ क वरून अ ≤ क) किंवा तसंच एखादं प्रमेय आधी सिद्ध करावं लागतं.

‘म + क = न असा क आहे’ ही व्याख्या नवख्यांना भुरळ घालते. पण आग्दातली बेरीज पहिल्या पदावर रिकर्शन करते, म्हणजे पहिलं पद एकेकाने उलगडत जाते. न + ० आपोआप न होत नाही आणि न ≤ न साठीसुद्धा इंडक्शन करावं लागतं.

म < न ला तर नवा टाइप नकोच. म+१ ≤ न पुरे. अभ्यासक्रमात आग्दा आणि लीनमधल्या दोन्ही व्याख्या द्याव्यात आणि त्यांची समतुल्यता विद्यार्थ्यांकडून सिद्ध करून घ्यावी.

– एक वाचक