पॉलिसी, दागिने आणि सकाळी साडेनऊचा शो

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री

सप्रेम नमस्कार. छोट्या चित्रपटाला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाच्या वेळेबद्दल हे पत्र आहे.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले ते विमा पॉलिसी गहाण ठेवून. परत आल्यावर भांडवल मिळेना, तेव्हा वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फिल्म करून त्यांनी पैसेवाल्यांना पटवलं. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेलेच. पुढे सत्यजित राय यांनीही ‘पथेर पांचाली’ या पहिल्या चित्रपटासाठी पॉलिसीवर पैसे उचलले, पत्नीचे दागिने गहाण पडले. मी त्यांच्या पंगतीतला नव्हे, पण पॉलिसी आणि दागिन्यांची परंपरा मात्र इमानाने पाळली आहे.

राय यांचं शूटिंग पैशांअभावी अडलं, तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने हात दिला. कागदोपत्री तो खर्च रस्त्यांच्या खात्यात टाकला होता. (नावात ‘पथ’ होता, तेवढा आधार पुरला!) माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की काम अर्धवट असताना पैसे आले. अनुदान बहुतेकदा येतं ते चित्रपट पूर्ण होऊन समितीने पाहिल्यावर. तोवर निर्माता व्याज भरत बसतो.

छोटा चित्रपट शूटिंगमध्ये क्वचितच मरतो. तिथे मित्र फुकट राबतात, एकाच घरात तीन घरं उभी राहतात. खरी दमछाक होते एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन पक्कं झाल्यावर. चित्र थोडं काळपट आलं तर लोक त्याला शैली म्हणतात. संवाद ऐकू आले नाहीत तर उठून जातात. म्हणून डबिंग आणि मिक्सिंगवर काटकसर चालत नाही. मग डीआय (रंग आणि उजेडाचं अंतिम काम), सबटायटल, सेन्सॉर, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल प्रत). प्रसिद्धीसाठी बाजूला ठेवलेली आमची सगळी रक्कम या टप्प्यानेच खाल्ली. ट्रेलर मीच कापला, पोस्टर मेव्हण्याने केलं.

आणि शुक्रवार उजाडला. एका थिएटरने सकाळी साडेनऊचा एकच शो दिला होता. चित्रपटाची हार्ड डिस्क दोन दिवस आधी पोचली होती, पण ती उघडणारी डिजिटल किल्ली, म्हणजे केडीएम, थिएटरच्या ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच निघते. आमची निघाली ती जुन्या सर्व्हरसाठी. नवी येईपर्यंत शो रद्द. अकरा प्रेक्षक आले होते, त्यांतल्या दोन आजी माझ्या ओळखीच्याही नव्हत्या. त्यांना पैसे परत मिळाले. सोमवारी चित्रपट उतरवला, कारण काय, तर बुकिंग नाही! नोकरदार माणूस सोमवारी सकाळी साडेनऊला कुठे असतो, हे बुकिंग पाहणाऱ्यांना ठाऊक नसेल असं नाही.

माझी मागणी अनुदान वाढवण्याची नाही, त्याची वेळ बदलण्याची आहे. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, समितीने पाहावा आणि पसंत पडल्यास काही हिस्सा तेव्हाच द्यावा, ध्वनी आणि डीआयसाठी. दुसरा हिस्सा प्रदर्शनाआधी, फक्त प्रसिद्धीसाठी, बिलं दाखवून. त्यासोबत दोन आठवडे संध्याकाळचा एक तरी शो. त्याशिवाय प्रसिद्धीला अर्थ नाही. होर्डिंग पाहून माणूस यायचा कधी?

पैसे बुडतील, असं आपले अधिकारी म्हणतील. काही बुडतीलच. पण ही रक्कम चित्रपटाच्या पुढच्या कमाईतून आधी वसूल करता येईल. फ्रान्समध्ये तर प्रत्येक तिकिटातला हिस्सा सीएनसी या संस्थेकडे जातो आणि त्यातून नव्या चित्रपटांना बळ मिळतं. हॉलिवूडपट पाहणारासुद्धा नकळत फ्रेंच चित्रपटाला पैसे देतो.

माझा प्रस्ताव सध्या समितीपुढे आहे, त्यासाठी शब्द टाका असं म्हणत नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल. दुसऱ्या चित्रपटाची पटकथा लिहून झाली आहे. पॉलिसी मात्र एकच होती.

आपला,
एक निर्माता-दिग्दर्शक