ट्रेलरवरचे रेडिओ केंद्र : मित्रास पत्र

सांगली,
दि. ११ जानेवारी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

ट्रेलरवरचे रेडिओ केंद्र पूर्ण झाले असून गेल्या आठवड्यात ते प्रथमच निव्वळ उन्हावर दिवसभर चालले. ही बातमी सर्वांत आधी तुलाच कळवावीशी वाटली, कारण हॅम (हौशी रेडिओ) परवान्याच्या परीक्षेसाठी टिंब-रेषांच्या मोर्स लिपीचा सराव आपण दोघांनी एकत्र केला होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढले, तेव्हा वीज गेली आणि माझी तळमजल्यावरची बॅटरीही पाण्याखाली गेली. रेडिओ संच धडधाकट असूनही मला एकही संदेश पाठवता आला नाही. ती हळहळ अजून ओसरलेली नाही. म्हणून पाणी चढण्यापूर्वी जीपला जोडून उंचावर नेता येईल असेच केंद्र मला हवे होते.

ट्रेलर एका आसाचा, पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला आहे. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आसाच्या किंचित पुढे ठेवली आहे, कारण वजन मागे गेले तर ट्रेलर रस्त्यावर डुलू लागतो. छतावर प्रत्येकी १०० वॉटची दोन सौर पॅनेल आहेत. संच बोलताना २० अँपिअरपर्यंत वीज ओढतो, पण नुसता ऐकताना त्याला एकच अँपिअर पुरतो. बहुतेक वेळ ऐकण्यातच जात असल्यामुळे १० तासांत बॅटरीतील जेमतेम एक तृतीयांश वीज खर्च होते आणि स्वच्छ ऊन असल्यास ती त्याच दिवशी भरून निघते.

खरी परीक्षा पाहिली ती चार्ज कंट्रोलरने, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत नेमकी भरणाऱ्या यंत्राने. ७ मेगाहर्ट्झवर अखंड घरघर ऐकू येई. मी विजेच्या तारांना दोष दिला, परंतु मोकळ्या माळावर जाऊनही ती थांबेना. एके दुपारी सूर्यावर ढग आला, घरघर मंदावली आणि उलगडा झाला. पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज मिळवण्यासाठी कंट्रोलरमधील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि पॅनेलच्या लांब तारा तो गोंगाट अँटेनाप्रमाणे हवेत फेकतात. त्या तारांना एकमेकींचा पीळ दिला, कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना फेराइटच्या (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यांवर तारांचे वेढे घेतले, तेव्हा बराच फरक पडला. तरीही अगदी क्षीण आवाज ऐकायचा असेल, तेव्हा पॅनेलची जोडणी तोडता यावी म्हणून एक स्विच ठेवला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण केंद्रातील सर्वांत मोलाचा भाग तोच.

अँटेनाबाबत मात्र तुझे म्हणणे मला पटले नाही. तू सुचवलेला उभा अँटेना जागा कमी घेतो हे खरे, पण त्याच्या लहरी क्षितिजालगत जाऊन दूरदेशी उतरतात आणि आसपासचे जिल्हे मध्येच वगळले जातात. मी २० मीटरची तार मधोमध ६ मीटरच्या मास्टवर (खांबावर) उचलून दोन्ही टोके जमिनीकडे उतरवली आहेत. तिच्या लहरी बव्हंशी थेट वर जातात आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरावरून) परतून डोंगरांपलीकडेही पोहोचतात. पुराच्या वेळी मला युरोप गाठायचा नाही. कोल्हापूर, सातारा आणि तुझे पुणे गाठायचे आहे.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता मी ७.०९० मेगाहर्ट्झवर तुला हाक देईन. तू आधी ५० वॉटवर बोल आणि मग ५ वॉटवर ये, कारण पॅनेल जोडलेले असताना तुझा क्षीण आवाज कितपत स्पष्ट येतो हे मला पाहायचे आहे.

तुझा,
श्रीकांत