कुकरवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. ‘बरं मॅडम, ठेवतो, दूध उतू जातंय’ म्हणता आणि खरंच ठेवता. निवृत्त माणसाचं दूध दर वेळी नेमकं त्याच वाक्याला कसं उतू जातं, ते विचारत नाही. चारचौघांसमोर लिहिते, म्हणजे ठेवता येणार नाही.

मी रेसिडेन्सीत, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणात, होते तेव्हापासून तुम्हाला लॅबमधलं हे सगळं पाठ आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. स्तनातली गाठ काढली की ती आम्हा पॅथॉलॉजिस्टकडे येते. ‘कॅन्सर आहे’ एवढं लिहून आमचं काम संपत नाही. त्या पेशींच्या केंद्रकात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला धरून ठेवणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, आहे का तेही बघावं लागतं. आमच्या भाषेत ‘ईआर’. तो असेल तर टॅमॉक्सिफेनची साधी, स्वस्त गोळी 5 वर्षं घेतल्याने पुढच्या 15 वर्षांतले या आजाराचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. नसेल तर ती गोळी कुणी लिहून देत नाही. करोनापासून ‘निगेटिव्ह’ म्हटलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो. आमच्या काउंटरवर रिपोर्ट वाचून ‘निगेटिव्ह आहे, सुटलो’ म्हणणाऱ्या मुलाला काय सांगावं, ते मला अजून जमलेलं नाही.

ईआर शोधायला एक अँटिबॉडी लागते. लहानशा बाटलीतलं पाण्यासारखं द्रावण. ती रिसेप्टरला जाऊन चिकटते, तिच्या मागोमाग रंगाचं रसायन सोडलं की केंद्रक तपकिरी होतं. रिसेप्टर नसेल तर केंद्रक निळंच राहतं. आमची अँटिबॉडी सशापासून केलेली, ‘एसपी1’ नावाची. गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी स्वतःच्या लॅबमध्ये ही तपासणी सुरू केली तेव्हा त्या बाटलीचे फोटोही मी काढले होते. हसू नका.

पहिल्या महिन्यात सहा गाठी आल्या आणि सहाच्या सहा निळ्या. आपल्याकडे साधारण निम्म्या तरी पॉझिटिव्ह निघतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्यातल्या एक बाई बासष्ट वर्षांच्या, गाठ ग्रेड 1. अशी मवाळ गाठ ईआर निगेटिव्ह असणं म्हणजे मे महिन्यात कोकणात आंबा न मिळण्यासारखं. शंका आली, पण मी ती बाटलीवर घेतली. पुरवठादाराशी भांडले, दुसरी बाटली मागवली. तीही निळी. तोवर एक रिपोर्ट सही होऊन गेलासुद्धा होता. ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला. तुम्ही बाटलीचं नावसुद्धा विचारलं नाहीत. एकच विचारलंत, ‘मॅडम, शेजारचे नॉर्मल डक्ट रंगलेत का?’

मी स्लाइड पुन्हा लावली. गाठीच्या कडेला दोन-तीन निरोगी दुग्धनलिका होत्या. त्यांच्यात काही पेशी तपकिरी दिसायलाच हव्यात, तो निसर्गाचा नियम आहे. एकही नव्हती. रंग नीट चढतो का हे कळावं म्हणून सोबत लावलेला गर्भाशयमुखाचा कंट्रोल तुकडा मात्र छान तपकिरी, त्याच्यावरच विसंबून मी बसले होते. रेसिडेन्सीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, पण मी गाठीकडे बघत होते आणि तुम्ही शेजाऱ्याकडे बघायला लावलंत.

‘मग ते निगेटिव्ह नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘ते काहीच नाही. पाचही थांबवा. आणि गेलेल्या रिपोर्टसाठी डॉक्टरांना आत्ता फोन करा, सकाळी नाही.’ केला. शिव्या बसल्या नाहीत, पण मौन बसलं, ते जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही रातराणीने आलात. पिशवीत पीएचच्या पट्ट्या, थर्मामीटर आणि घरचा पाच लिटरचा कुकर. लॅबमध्ये पाच मिनिटं टेकलात आणि म्हणालात, चला, ऑपरेशन थिएटर बघू. तिथे कोपऱ्यात पांढरी बादली होती. शनिवारी संध्याकाळी काढलेला अख्खा स्तन तसाच, न कापता, फॉर्मॅलिनमध्ये (काढलेला अवयव नासू नये म्हणून वापरायच्या द्रावणात) बुडवलेला, आमच्याकडे सोमवारी येणार. तुम्ही पट्टी बुडवलीत. आम्लधर्मी. नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेलं. मग मधोमध काप दिलात. बाहेरून फळीसारखं कडक, आत गाठ मऊ, राखाडी, बुळबुळीत. ‘वरून शिजलेला, आतून कच्चा बटाटा,’ तुम्ही म्हणालात. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं आणि चरबीत त्याहून रडतखडत. ते पोचेपर्यंत आतला रिसेप्टर कधीच नासलेला. जे उरलंच नव्हतं ते अँटिबॉडीने शोधायचं कुठून?

तुम्ही कुणाला दोष दिला नाहीत. सर्जननाही नाही. थिएटरच्या सिस्टरना विचारलंत, ‘काढल्यावर तासाभरात असे सेंटिमीटरभर अंतरावर काप द्याल का, आणि कापाकापात गॉजची घडी?’ कडा ओळखू याव्यात म्हणून डॉक्टरांनी आधीच टाके घालून ठेवायचे, हेही तुम्हीच सुचवलंत. त्या लगेच हो म्हणाल्या. मी वर्षभर पत्रं पाठवली असती तरी ते झालं नसतं. लिटरमागे 100 मिली फॉर्मल्डिहाइड, 900 मिली पाणी, एक फॉस्फेट 4 ग्रॅम, दुसरं 6.5 ग्रॅम, असा तुमच्या हातचा कागद तिथल्या भिंतीवर अजून आहे. फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी 6 तास, जास्तीत जास्त 72, हे त्याखाली लाल पेनने.

कुकर मात्र माझ्यासाठी होता. मी वॉटर बाथमध्ये 95 अंशांवर स्लाइड ठेवत होते आणि मध्येच वीज जात होती. फॉर्मॅलिनने प्रथिनांना गाठी मारलेल्या असतात, त्या उष्णतेने सुटल्याशिवाय अँटिबॉडीला जागा सापडत नाही. तुम्ही गॅसवर पीएच 9 चा बफर, म्हणजे अल्कधर्मी द्रावण, उकळलात, स्लाइड सोडल्यात, झाकण लावलंत आणि घड्याळ लावून उभे राहिलात. लॅबभर घरच्यासारखा आवाज. आमची मावशी डोकावून म्हणाली, ‘वरण टाकलं का?’

त्या तीन मिनिटांत तुम्ही नेहमीची गोष्ट सांगितलीत. शिकागोत शास्त्रज्ञ जेन्सननी 1958 मध्ये किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रोजेन उंदरांना देऊन ते गर्भाशयात टिकून राहतं हे दाखवलं, तिथून रिसेप्टरची कल्पना आली. मग गाठीचा ताजा तुकडा गोठवून तपासायचे दिवस. 1980 मध्ये ग्रीन आणि जेन्सन यांनी मानवी रिसेप्टरविरुद्ध पहिल्या मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्यातल्या, अँटिबॉडी केल्या, आणि त्यासाठी रिसेप्टर घेतला तो एका ननच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या पेशींतून. ‘त्या नन केव्हाच गेल्या,’ तुम्ही दर वेळी म्हणता, ‘पेशी अजून कामावर आहेत.’ रेसिडेन्सीत हे डबा खाताना ऐकलं होतं. तेव्हा कंटाळा यायचा, हे आता कबूल करते.

गाठी नासल्या होत्या, त्यांना कुकरही काही करू शकला नसता. पण ऑपरेशनआधी सुईने काढलेले बारीक तुकडे लगेच फॉर्मॅलिनमध्ये गेलेले असतात, हे तुम्हालाच सुचलं. आपण नातेवाइकांकडून त्यांचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेले ते तुकडे, मागवले. पाच जणींचे मिळाले. संध्याकाळी स्लाइड लावली आणि बासष्ट वर्षांच्या बाईंची गाठ अशी तपकिरी, जणू कुणी चहा सांडलाय. पाचांपैकी चार पॉझिटिव्ह. चुकून गेलेला रिपोर्ट त्या चारांतलाच. त्यांची गोळी सुरू झाली.

पाचवी खरंच निगेटिव्ह निघाली. शेजारच्या नलिका तपकिरी, गाठ निळीशार. तुम्ही ती स्लाइड सगळ्यांत जास्त वेळ बघत बसलात. म्हणालात, ‘आता लिहा. हिच्यावर सही करायला हरकत नाही.’ सहाव्या बाईंचा जुना ब्लॉक मिळालाच नाही. त्यांच्या रिपोर्टवर ‘तपासणी होऊ शकली नाही’ असं लिहायला तुम्ही लावलंत, तेव्हा मला ते नामुष्कीचं वाटलं होतं.

फी घेतली नाहीत, तिकिटाचे पैसेही नाहीत. परतीच्या गाडीसाठी काकूंनी सांगितलेली दोन किलो भुईमुगाची शेंग तेवढी नेलीत, तीही पैसे मोजून.

कुकर तुमचा इथेच आहे. रिंग परवा बदलली. जुनी रिंग, तुम्ही दम दिल्याप्रमाणे, घरच्या कुकरला लावलेली नाही. काकूंनाही सांगा.

तुमची,
मॅडम (असं तुम्हीच म्हणता)