भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील कंटेनर घरांबाबत महसूलमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या हाती वकिलाची नोटीस पडली. ज्या दोन गुंठ्यांवर आमचे कंटेनरचे घर उभे आहे, ती जमीन मूळ शेतकऱ्याच्या वारसांनी विकली असून नव्या मालकाला दरमहा ४,००० ऐवजी ११,००० रुपये भाडे हवे आहे; ते मान्य नसल्यास १५ दिवसांत घर उचलून जागा मोकळी करावी, असे त्यात म्हटले आहे. मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. यजमानांना दम्याचा विकार आहे आणि शहरातील धूर त्यांना सोसवत नाही, म्हणून निवृत्तीच्या पैशातून आणि कर्ज काढून आम्ही हे घर घेतले. जमीन महसूल, दस्तनोंदणी आणि तहसीलदार ही सगळी यंत्रणा आपल्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

भाड्याच्या जमिनीवर कंटेनरची घरे विकण्याची ही योजना एका प्रवर्तकाने उभी केली. शेतकऱ्यांच्या जमिनीचे चुन्याने तुकडे आखले, रस्त्याला फलक लावले आणि प्रत्येक ग्राहकाला लेखी दिले की बिनशेती आदेश (शेतजमीन बांधकामासाठी वापरण्याची परवानगी) सहा महिन्यांत मिळेल व त्यानंतर २९ वर्षांचा भाडेपट्टा नोंदवून देऊ. आदेश आला नाही आणि नोंदणी झाली नाही. नोटरी केलेला एक कागद तेवढा आमच्याकडे आहे आणि त्याची कायद्यापुढे किंमत काय, हे आता वकिलाकडून समजते आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. तसा दस्त नसेल तर भाडेकरू महिन्या-महिन्याचा धरला जातो आणि कलम १०६ खाली १५ दिवसांच्या नोटिशीवर त्याला बाहेर काढता येते. याहून गंभीर म्हणजे १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यास जशी मनाई करते, तशी परवानगीशिवाय पट्ट्याने देण्यासही करते. म्हणजे आमच्यासारख्या कुटुंबांना जो व्यवहार भर रस्त्यावर फलक लावून विकला गेला, तो अवैध ठरवण्याचे अधिकार आपल्याच तहसीलदारांना होते. तो फलक तालुक्याला जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. तो आपल्या एकाही अधिकाऱ्याला दिसला नाही, यावर मी विश्वास ठेवावा अशी आपली अपेक्षा आहे काय?

आता हिशेब सांगते. घराची किंमत ११,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,९८,००० रुपये. जोते, शोषखड्डा, व्हरांडा आणि बोअरवेलमधील वाटा यांचे २,५०,०००, आणि परत न मिळणारे ‘विकास शुल्क’ ३,००,००० रुपये. एकूण १८,४८,००० रुपये. जमीन तारण देता येत नसल्याने बँकेने गृहकर्ज नाकारले आणि ८,००,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी घ्यावे लागले. तेच कर्ज साडेआठ टक्क्यांनी मिळाले असते, तर ७ वर्षांत सुमारे दीड लाख रुपये वाचले असते. जाहिरातीत या घराची तुलना जवळच्या गावातील सदनिकेशी केली होती आणि ते निम्म्या किमतीत मिळते असे म्हटले होते. परंतु सदनिकेसोबत जमिनीतील हिस्सा मिळतो आणि पुढे भाव चढतो तो त्या जमिनीचा. आमच्या वाट्याला आला तो घाटातल्या पावसात दरवर्षी गंजरोधक रंग मागणारा पत्रा. जुन्या कंटेनरचा व्यापारी आज त्याचे ३,५०,००० रुपये देऊ करतो. भाव वाढला त्याचा लाभ जमीनमालकाला, झीज आमची, भाडेवाढीला कमाल मर्यादा नाही आणि जमीन विकली जात असताना आम्हाला विचारण्याचे बंधनही कोणावर नाही.

घर उचलता येते, हा या विक्रीतील सर्वांत मोठा मुद्दा होता. परवा क्रेनवाला येऊन पाहून गेला. त्याने जोत्यात बसवलेले बोल्ट वाकून पाहिले, शोषखड्ड्याकडे गेलेल्या पाइपावरची माती पायाने बाजूला केली, व्हरांड्याच्या खांबावर हात मारला आणि म्हणाला, “मावशी, डबा तेवढा उचलतो, बाकीचं सगळं इथंच राहणार.” चाळीस फुटी डबा ट्रेलरवर चढवून घाट उतरवण्याचे तो १,१०,००० रुपये मागतो. जोते फोडून जमीन पूर्ववत करून देण्याचा खर्च वेगळा, तोही आमचाच. आणि डबा उतरवायचा कुठे? यजमान त्या दिवसापासून रात्री नीट झोपलेले नाहीत; दम्याचा पंप जवळ घेऊन खुर्चीत बसून राहतात. चाळीस वर्षे मी दुसऱ्यांच्या उशाशी जागले, आता घरात जागते आहे.

दाद मागायला गेले तर प्रत्येक दार बंद आहे. घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘रेरा’ कायद्याच्या व्याख्येत भाड्याने जागा घेणाऱ्याला ‘अलॉटी’, म्हणजे संरक्षणास पात्र ग्राहक, धरलेलेच नाही, त्यामुळे तेथे संरक्षण नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आमचे नाव नाही. तहसील कार्यालयातील कारकुनाने बांधकाम अनधिकृत असल्याचे सांगितले आणि दंड आम्हालाच होऊ शकतो, अशी भीतीही घातली. मात्र ग्रामपंचायतीने याच बांधकामाची नमुना ८ मध्ये, म्हणजे आपल्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, नोंद करून नियमाने घरपट्टी वसूल केली आणि जीएसटीचा शेवटचा रुपया शासनाने घेतला. पैसे घेताना शासनाला हे घर चालते. त्याच घराचे रक्षण करायची वेळ आली की प्रत्येक खाते पुढच्या खात्याकडे बोट दाखवते. या राज्यात विकणाऱ्याला कोणी विचारत नाही. तपासणी, दंड आणि हेलपाटे विकत घेणाऱ्याच्या कपाळी येतात. हे केवळ कंटेनर घरांपुरते नाही. गुंठेवारीतली घरे, पागडीच्या खोल्या, कोठेही पाहा, सामान्य माणूस आयुष्यभराची कमाई टाकतो आणि खात्यांना जाग येते ती त्याच्या दारावर नोटीस लागल्यावर.

ब्रिटनमध्ये १९८३ पासून अशा घरांसाठी स्वतंत्र कायदा आहे. जमीन विकली तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहतो, न्यायालयाच्या आदेशाशिवाय घर हटवता येत नाही आणि २०२३ पासून इंग्लंडमध्ये जागेच्या भाड्याची वार्षिक वाढ ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडली आहे. आपल्याकडे एवढे करायला काय अडचण आहे? बिनशेती आदेशाचा क्रमांक छापल्याशिवाय अशा योजनेची जाहिरात करू देऊ नये. भाडेपट्टा नोंदवून सातबाऱ्यावर चढवण्याआधी ग्राहकाकडून पैसे घेणे हा गुन्हा ठरवावा. भाडेवाढीला मर्यादा घालावी, घर हलवण्यासाठी किमान एक वर्षाची मुदत द्यावी आणि सध्या अडकलेल्या कुटुंबांचा प्रश्न सुटेपर्यंत दंडाची कारवाई प्रवर्तकावर करावी, आमच्यावर नव्हे.

नोटिशीची मुदत येत्या सोमवारी संपते. करार नोंदणीकृत नसल्याने मनाईहुकूम मिळेलच याची खात्री आमचे वकील देत नाहीत. तोंडी आश्वासने मला नकोत. या जमिनीला बिनशेती परवानगी नसताना तेथे भूखंड आखून विक्री चालू होती, त्याबद्दल प्रवर्तकावर आणि डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर आजवर कोणती कारवाई झाली आणि झाली नसेल तर ती कोणी अडवली, याचे उत्तर आपल्या खात्याने मला लेखी द्यावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका