जर्मनची वाटी

प्रिय मित्रा,

दिवाळी झाली, फराळाचे डबे तळाला लागलेत, चिवड्यात आता नुसता कढीपत्ता उरलाय, आणि मी तुला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकायच्या सोडून हे एवढं लांबलचक लिहायला बसलोय. काम आहे तुझ्याकडे. पण ते शेवटी सांगतो, आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, तुला ओळखतो मी लेका.

तर यंदा आईने वसुबारसेच्या आधीच जाहीर करून टाकलं की मी कढईपुढे उभी राहणार नाही. 78 वर्षं झाली तिला, झारा धरला की मनगट दुखतं. मग चकली-शंकरपाळी बायको आणि वहिनीने वाटून घेतल्या, चिवडा माझ्याकडे, आणि मी आपलं शहाणपण करून अनारसे पण अंगावर घेतले. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत पंचावर पसरले, दमट असतानाच दळले, चाळले, गूळ घालून गोळा करून ठेवला, सगळं अगदी शिस्तीत. आणि पहिलाच अनारसा तुपात सोडला तो खसखशीसकट विरघळून कढईभर पसरला. आई मागून खुर्चीतूनच, "हसला का रे?" म्हणजे बघ, त्या पदार्थाची एवढी मिजास की फसला म्हणायचं नाही, हसला म्हणायचं. पुढचे सहाही हसले. घरातले पण हसले. मग वहिनीने त्या गोळ्यात मूठभर कोरडं पीठ मळून कसेबसे पंधरा काढले. असो, तो विषय बंद.

खरी गोष्ट नानकटाईची आहे. 2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी घेतला तसा आम्ही पण ओटीजी घेतला होता, चार केक झाले आणि मग त्याच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी बसली. यंदा लेक म्हणाली, बाबा अनारसे सोडा, आपण नानकटाई करू, ती तुपात पडतच नाही तर हसणार कशी. आईने ऐकलं आणि म्हणाली, करायची असेल तर माझी नको, काकूंची कर. काकूंची म्हणजे तुझ्या आईची.

आपल्या दोघांच्या घरची नानकटाई वेगळी होती हे तुला आठवतंय ना? आमची वरती चारोळी लावलेली. काकूंची मशीनच्या रिळाचा ठसा असलेली. ब्लाउज शिवता शिवता रीळ संपलं की ते जपून ठेवायच्या, धुवून वाळवून, आणि दिवाळीत त्याचं तोंड प्रत्येक गोळ्यावर दाबायच्या, मध्ये एक ठिपका आणि भोवती गोल. दिसायला पाहिजे म्हणून नव्हे, बेकरीत चाळीस घरांचे पत्रे एकत्र भट्टीत जायचे, त्यात आपली कुठली ते कळायला पाहिजे म्हणून. लेकीला सांगितलं की आम्ही घरनं मळलेला मैदा डब्यात घालून बेकरीत भाजायला न्यायचो तर तिला खरंच वाटेना. म्हणाली, तुमच्याकडे ओव्हन नव्हता? अगं कुणाकडेच नव्हता! डब्यावर खडूने नाव, नंबर लागेपर्यंत दोन-दोन तास बाकड्यावर, आणि तो भट्टीवाला लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत सारायचा तेव्हा तोंडावर येणारी ती धग आणि वेलदोड्याचा वास. आता ती बेकरी आहे, पण घरचं पीठ घेत नाहीत, पॅकिंग केलेली किलोवर देतात. वाईट नसते, पण तूप म्हणून जे काही असतं त्यात ते टाळूला चिकटतं.

तर वही काढली. आईची ती निळ्या पुठ्ठ्याची वही. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीतलं सगळं भिजलं होतं, त्यात ही पण. शाईपेनाने लिहिलेली पानं पार निळी झालीत, पण हे पान बॉलपेनचं आहे, म्हणून वाचलं. जसंच्या तसं उतरवतो: "दिवाळी 1990. मैदा अर्धा किलो. साजूक तूप 2 वाट्या. पिठीसाखर 2 वाट्या. सोडा चिमूट. वेलदोडा जायफळ. वाटी त्यांची." बस. शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारलीय.

मी म्हणलं वाटी ती वाटी, त्यात काय. आमची स्वयंपाकघरातली घेतली, ती 200 मिलीची आहे. आईने सांगितलं तसं परातीत तूप-साखर तळहाताने फेसली, वीस मिनिटं, हात भरून आला. आई म्हणे पाण्यात थेंब टाकून बघ, तरंगला की झालं. (तूप न फेसता पण तरंगतंच की! पण तिला कोण सांगणार.) मैदा घातला, गोळे केले, लेकीने जुन्या मशीनमधलं रीळ शोधून ठसे मारले, ओव्हन दहा मिनिटं तापवला, 170 वर ठेवलं आणि सगळे काचेसमोर पाटावर बसल्यासारखे बसलो. पाच मिनिटांत गोळे खाली बसायला लागले. दहा मिनिटांत एकमेकांना चिकटले. शेवटी ट्रेच्या आकाराची एक चौकोनी पोळी निघाली, रिळाचे ठसे कुठल्या कुठे. लेक म्हणाली, बाबा ही पण हसली.

दुसऱ्या दिवशी 150 मिलीची वाटी घेतली. म्हणजे बघ, तूप आधी साधारण 360 ग्रॅम पडलं होतं ते आता 270 वर आलं. ही फुलली छान, वरती भेगा पडल्या, बुडाला बदामी रंग, ठसा पण राहिला. बाहेर काढल्यावर मऊ वाटते म्हणून परत आत ढकलायची नाही, गार होताना ती कडक होते, हे एक मी शिकलो. बायकोला आवडली. मी तर सहा खाल्ल्या. आईने एक तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "चांगली आहे. पण चावावी लागतीय. त्यांची चावावी लागायची नाही." लेक म्हणाली आजी मधलं काहीतरी घेऊ, 175. आई ऐकेना. म्हणे अंदाजाने करायची तर माझीच कर, त्यांचं नाव कशाला लावता.

आता मुद्द्यावर येतो. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्यावर तू आणि ताईने भांडी वाटून घेतलीत तेव्हा मी होतो तिथे. ताईने पितळी डबे घेतले आणि तू ती जर्मनची वाटी घेतलीस, सगळे हसले होते की अॅल्युमिनियमची वाटी कशाला नेतोस आणि तू म्हणालास जर्मनची वाटी जर्मनीला. ती आहे ना अजून? तुझ्या त्या श्टुटगार्टच्या घरात कुठेतरी असेलच, टाकली असशील असं वाटत नाही. ती काठोकाठ पाण्याने भर आणि काट्यावर पाण्याचं वजन कर. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. तेवढा एक आकडा पाठव, झालं काम.

आणि हो, तिला एका बाजूने पोचा आहे तो बघ. विसरला असशील तर आठवण करून देतो, 1988, आपण सातवीत. पीठ कोरडं पडलं तर वरून घालायला म्हणून काकूंनी वाटीत तूप देऊन वर फडकं बांधलं होतं, जाताना ते कामी आलं, आणि येताना हरभट रोडला तू डबल सीट घेऊन हात सोडून सायकल चालवायला गेलास. डबा एकीकडे, वाटी गटाराच्या कठड्यावर, मी खाली आणि तू माझ्यावर. घरी जाऊन तू थापा मारल्यास की भट्टीवाल्यानेच मोडकी दिली. काकूंनी तुझ्या गुडघ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. अख्ख्या होत्या त्या पाहुण्यांसाठी डब्यात भरल्या आणि चुरा आपल्या दोघांना दुधात घालून दिला. मला अजून वाटतं की चुराच जास्त चांगला लागला होता.

तू पण करून बघ खरं तर. तिकडचा 405 नंबरचा मैदा म्हणजे आपलाच मैदा, तूप इंडियन दुकानात मिळत असेल, आणि नाताळाच्या आधी तुमच्याकडे घरोघरी बिस्किटं भाजतातच. मागच्या वर्षी तू ती चंद्रकोरीसारखी व्हॅनिलाची पाठवली होतीस ना, आईने चव घेतली आणि म्हणाली ही नानकटाईच आहे, फक्त करंजीच्या साच्यातून पळून आलेली. पोरांना सांग, हसतील. आणि ठसा मारायला रीळ नसेल तर इथून पाठवतो, लेकीने चार शोधून ठेवलीत.

तुळशीच्या लग्नाच्या आत आकडा पाठव, आईने तूप कढवून ठेवलंय आणि रोज विचारतीय त्याचा फोन आला का. आणि एक, वाटी हातात घेतलीस की तो पोचा आतून ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नकोस. पोचा 88 चा आणि वहीतलं माप 90 चं आहे.

तुझा,
डबल सीटवर मागे बसलेला