स्टेंट काढायची तारीख मराठीत लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पित्तनलिकेतला खडा हल्ली पोट न फाडता, तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. याच दुखण्यापायी माझे आजोबा पोटावर वीतभर टाके आणि कुशीतून काढलेली टी-ट्यूब, म्हणजे पित्त बाहेर वाहून नेणारी नळी, घेऊन कितीतरी दिवस दवाखान्यात पडून होते. आईची ईआरसीपी, म्हणजे हाच दुर्बिणीचा उपचार, तासाभरात आटोपली. आतड्यात उघडणारं पित्तनलिकेचं तोंड विजेच्या तारेने थोडं रुंद केलं, फुग्याने खडे ओढून आतड्यात आणले आणि तिसऱ्या दिवशी आई घरी. 1974 च्या सुमारास जर्मनी आणि जपानमधल्या डॉक्टरांनी सुरू केलेला हा उपचार आमच्यासारख्यांना वरदानच आहे.

मात्र एक मोठा खडा तेव्हा निघाला नव्हता. पित्त वाहतं राहावं म्हणून डॉक्टरांनी प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवला होता. स्टेंट म्हटल्यावर आम्हाला आठवला तो काकांच्या हृदयातला, कायमचा. पित्तनलिकेतली प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत काढावी किंवा बदलावी लागते, नाहीतर गाळ साचून तुंबते, हे आम्हाला कळलं चौदा महिन्यांनी. आईला हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. शेजारी काविळीची माळ घालायला सांगत होते. आम्ही तिला उचलून दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली.

काढलेली नळी डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवली. बोटाएवढी, आतून काळपट चिखलाने गच्च भरलेली. जुनं डिस्चार्ज कार्ड पाहिलं, तर दुसऱ्या पानावर, गोळ्यांच्या यादीखाली, इंग्रजीत अर्धी ओळ होती. आई चौथी शिकलेली आहे. पण मी पदवीधर असून माझीही नजर त्या ओळीवर गेली नव्हती, याची खंत जात नाही.

रुग्णालयांना कळकळीची विनंती आहे. स्टेंट घातलेल्या प्रत्येकाची वहीत नोंद ठेवा, तारीख जवळ आली की फोन करा आणि कार्डाच्या पहिल्याच पानावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा : 'आत नळी आहे, अमुक तारखेला काढायची.' ज्यांच्या घरी कुणाची ईआरसीपी झाली आहे, त्यांनी आजच कार्ड काढून पाहावं. नळीची तारीख टळली असेल, तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना गाठावं.

– एक वाचक, सातारा