रक्तात जंतू सापडला म्हणजे माणूस आजारी नव्हे

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला आफ्रिकेतील मलेरियावरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. पण ‘अर्ध्या गावाला मलेरिया, तरी लोक बिनधास्त हिंडतात’ हे वाक्य तुमच्याकडे कुणी तपासले की नाही? (आफ्रिका हा एक देश नाही, ही तक्रार आता करत नाही. मागे केली होती, छापली गेली नाही.)

मी नव्वदच्या दशकात युगांडात, जिंजाच्या बाजूला एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. एका वर्षी वसाहतीत सगळ्यांच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासले. आमच्या रखवालदाराच्या रक्तात जंतू निघाले. हा गडी रोज सायकल मारत कामावर येत होता, अंगात कणकणसुद्धा नव्हती. माझे रक्त स्वच्छ. पंधरा दिवसांनी मी सलाइनवर, क्विनाइनने कान गुणगुणताहेत, आणि हाच पठ्ठ्या डब्यात मटोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी, घेऊन मला बघायला आला! त्याच आठवड्यात त्याचा दोन वर्षांचा नातू पलीकडच्या खोलीत होता. तळहात कागदासारखे पांढरे. रक्त चढवले म्हणून वाचला.

आजोबा, नातू आणि मी, तिघांनाही फाल्सिपेरमच, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक जंतू. फरक एवढाच की जन्मभर डास चावून घेतलेल्या आजोबांच्या अंगात तो सोसायची ताकद आली होती. नातवात ती यायची होती आणि मी तर सांगली जिल्ह्यातला. तिथल्या पहिलटकरणींचीही ही ताकद गरोदरपणात कमी पडते. गावभर रक्त तपासून येणारा आकडा आणि दवाखान्याच्या बाकावरची गर्दी या म्हणूनच दोन वेगळ्या गोष्टी. त्या बाकावर मी पाहिल्या त्या पाठीला पोर बांधलेल्या आयाच. आफ्रिकेत मलेरियाने दगावणाऱ्या चार जणांत तीन पाच वर्षांखालची मुले असतात. तुमच्या लेखात मुले शेवटून दुसऱ्या ओळीत येतात!

हिंडणाऱ्यांच्या रक्तातून डासाला जंतू मिळत राहतात, हे खरेच. पण ताप नसलेला माणूस औषध मागायला येईल कशाला? त्याला बिनधास्त म्हणायला आपले काय जाते?

पुण्यात बनणाऱ्या मलेरियाच्या लशीवर मात्र दोन परिच्छेद आहेत. अभिमान मलाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. पण ती पाच महिन्यांपासूनच्या बाळांनाच का देतात, असा प्रश्न लेखकाला पडला असता तर वरचे वाक्य त्यांनी स्वतःच खोडले असते.

जाता जाता : लेखासोबत छापलेल्या डासाच्या पायांवर पांढरे पट्टे आहेत. तो डेंग्यूचा. मलेरियाचा डास शेपटीकडचा भाग वर करून तिरका बसतो. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला डाससुद्धा तिरका आहे.

– एक जुना वर्गणीदार, जि. सांगली